मंगळवेढ्याचा राजा आणि मॅक्बेथ

शेक्सपिअरचें ‘मॅक्बेथ’ नाटक वाचणाऱ्या विद्यार्थ्यास स्कॉटलंडच्या त्या राजाविषयीं तिरस्कार वाटल्यावांचून राहत नाहीं. घरीं आलेल्या वृद्ध, सज्जन धन्यास झोपेंत ठार करणारा तो पुरुष! परंतु इतिहास निराळें सांगतो. डंकन राजा वृद्ध नव्हता, आणि इ. स. १०४० मध्यें तो लढाईंत पडला. पुढें मॅक्बेथनें १७ वर्षें राज्य केलें; इ. स. १०५० मध्यें रोमची यात्रा करून त्यानें गोरगरिबांस द्रव्य वांटलें. नाटक झालें तें साडेपांचशें वर्षांनंतर, आणि तेंही अशा राजाच्या अमदानींत, कीं जो नाटकांतील बॅन्को यास आपला पूर्वज मानीत असे.

असाच एक राजा आपल्या जिल्ह्यांत होऊन गेला. मंगळवेढें हें गांव ज्वारीसाठीं आणि दामाजीपंत व चोखोबा यांच्या नांवांमुळें सर्वांस ठाऊक आहे. परंतु बाराव्या शतकांत तें कलचुरी घराण्याचें राजधानीचें ठिकाण होतें, हें थोड्यांसच माहीत असतें. या घराण्यांतील बिज्जल हा प्रथम कल्याणीच्या चालुक्यांचा मांडलिक. तिसरा तैलप दुर्बळ आहे असें पाहून त्यानें सत्ता बळकाविली आणि इ. स. ११६२ च्या सुमारास सम्राटाचीं बिरुदें धारण करून कल्याणीस, म्हणजे आजच्या बसवकल्याणास, ठाणें दिलें. बसवण्णा त्याच्याच पदरीं भांडारी होते. सोलापूरचे सिद्धरामही याच काळचे.

बिज्जलाच्या अखेरीविषयीं मात्र एकवाक्यता नाहीं. वीरशैव पुराणें म्हणतात, शरणांस छळल्यामुळें त्याचा वध झाला. जैन चरितांत तो विषप्रयोगाचा बळी ठरतो. शिलालेखांच्या आधारें अभ्यासक सांगतात, कीं सुमारें ११६७ मध्यें त्यानें पुत्र सोविदेव यास गादीवर बसविलें.

कोणी विचारील, आठशें वर्षांपूर्वींच्या राजाची ही उठाठेव कशाला? आमचें उत्तर असें, कीं मुलें अशा कथांतूनच परक्या पंथाविषयींची अढी उचलतात. ज्या घरांत एकच कथा सांगितली जाते, तेथें दुसऱ्या घरचें मूल आपोआप अपराधी ठरतें.

याचा अर्थ बिज्जलास निर्दोष ठरवावें असा नव्हे. ज्याचें मीठ खाल्लें त्याचेंच राज्य त्यानें घेतलें, हें त्याच्या स्वतःच्या बिरुदांवरूनच दिसतें. हरळय्या या चर्मकार शरणाचा मुलगा आणि मधुवरस या ब्राह्मण शरणाची मुलगी यांचा विवाह झाला म्हणून त्यानें दोन्ही पित्यांस देहदंड दिला, अशी परंपरा आहे. ती खरी असेल, तर त्याचें कोणतेंही पराक्रमाचें बिरुद तो डाग पुसूं शकणार नाहीं. परंतु जेवढें सिद्ध आहे तेवढें सिद्ध म्हणावें, आणि जें ऐकीव आहे तें ऐकीव म्हणूनच सांगावें. मेलेल्या राजासही एवढा न्याय मिळाला पाहिजे. मग वर्गांतल्या सोबत्यास तो देणें मुलांस जड जाणार नाहीं.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे, कीं दामाजीच्या दर्शनास मुलांस मंगळवेढ्यास न्याल, तेव्हां बिज्जलाचीही गोष्ट सांगावी. दोन्ही बाजूंनीं सांगावी. आणि मुलानें ‘खरें कोणतें?’ असें विचारल्यास त्यास उलट विचारावें, ‘ही गोष्ट कोणीं लिहिली, आणि केव्हां?’