धीराचें कौतुक पुरें!

कर्करोगानें ग्रासलेल्या मुलाच्या आईचें धैर्य वाखाणावें, चार अश्रू ढाळावे. आणि तेंच मूल उपचार अर्ध्यावर टाकून घरीं परतलें कीं 'अडाणी आईबाप!' म्हणून मोकळें व्हावें, ही आम्हां सुशिक्षितांची रीत झाली आहे. ही रीत अन्यायाची आहे, असें स्पष्ट म्हणणें भाग आहे.

बीड जिल्ह्यांतील एखाद्या ऊसतोड कुटुंबाचा विचार करा. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन नवराबायको कारखान्याच्या वाटेस लागतात. दोघांचा मिळून एक कोयता. एक दिवस काम चुकलें कीं खाडा, आणि वर दंड. अशा घरांतील मुलास रक्ताचा कर्करोग झाला तर उपचार बहुधा दोन वर्षांहून अधिक चालतो. छत्रपती संभाजीनगरचें शासकीय कर्करोग रुग्णालय जवळचें खरें. पण मुक्काम व फेऱ्या तेथेंही चुकत नाहींत, आणि कित्येकांस थेट मुंबईस परळच गांठावें लागतें. आई मुलापाशीं राहिली तरी कोयता मोडला, बाप राहिला तरी मोडला; उचल मात्र फिटावयाची राहते. त्यांतच कांहीं आठवड्यांत मूल हंसूंखेळूं लागतें. रोग गेलेला नसतो, दबलेला असतो. अशा वेळीं बाप मुलास घेऊन परततो, तो अज्ञानामुळें कीं कर्जामुळें?

'सरकारी योजनेंतून उपचार फुकट मिळतो ना?' असें कोणी विचारील. महात्मा फुले जनआरोग्य योजना उपचाराचा भार उचलते, हें खरें व मोलाचें. परंतु रुग्णालयाबाहेर महिनोन्महिने राहण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी कोणी द्यावी?

पुरावा हवा असेल तर तोही आहे. १९४१ सालीं सुरू झालेल्या परळच्या टाटा रुग्णालयांत २००९ सालीं शेकडा २० च्या आसपास मुलांचे उपचार नाकारले वा अर्ध्यावर सोडले जात. पुढें निवारा, अन्न, पैसा व पाठपुरावा यांची जोड मिळाली आणि कांहीं वर्षांतच तें प्रमाण शेकडा ५ च्या घरांत आलें. आईबाप तसेच गरीब, तसेच अल्पशिक्षित होते. बदलली ती व्यवस्था. संपन्न देशांत कर्करोगाचीं शेकडा ८० हून अधिक मुलें बरीं होतात, तीं कांहीं आईबाप अधिक धीराचे म्हणून नव्हे.

तेव्हां कौतुक आवरावें आणि हिशेब करावा. आजारी मुलाच्या घरची उचल वसूल करणें कारखाने व मुकादम यांनीं लांबणीवर टाकावें. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा निवारा प्रत्येक कर्करोग रुग्णालयापाशीं उभा राहावा, आणि त्याचा खर्च आपणही उचलावा. त्यांनीं तोडलेल्या उसाची साखर आपल्या चहांत रोज पडते. एवढें देणें आपल्याकडे लागतें.