आवाजाला जिना कशाला?

माझा भाचा व्हीलचेअरवर असतो. सेरेब्रल पाल्सीने त्याचे पाय धरले, आवाज सोडला. तो आवाज असा खणखणीत आहे की घरात टीव्हीचा आवाज बंद करून तो सगळ्या पात्रांचे संवाद म्हणतो आणि आम्ही हसून लोळतो. त्याला डबिंगमध्ये काम करायचं आहे. त्यासाठी जोगेश्वरीहून अंधेरी पश्चिमेला एका स्टुडिओत आम्ही ऑडिशनला गेलो. स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. फोन केल्यावर एक गृहस्थ खाली आले. सलाम झाला, आपल्याच बिरादरीचे निघाले. हळहळून म्हणाले, "आधी सांगायचं ना, तुमची खेप तरी वाचली असती."

म्हणजे आधी सांगितलं असतं, तर बोलावलंच नसतं! जाताना त्यांनी भाच्याच्या हातात शंभराची नोट ठेवली. भाच्याने ती परत केली. म्हणाला, "चचा, मी काम मागायला आलोय."

माझं भांडण त्या एका माणसाशी नाही. भांडण आहे ते सदका देऊन हक्क चुकवण्याच्या आपल्या सवयीशी.

सरकारने २०१५ नंतर 'अपंग'चं 'दिव्यांग' केलं. शब्द बदलला, जिना तसाच राहिला. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की लोकांची ये-जा असलेली इमारत, मग ती खाजगी का असेना, सुगम हवी. त्यात कामाची ठिकाणंही आली. नियम २०१७ साली आले आणि जुन्या इमारतींना पाच वर्षांची मुदत मिळाली. ती कधीच उलटून गेली. ४ टक्के आरक्षण आहे, पण सरकारी नोकरीत. अंधेरी-वर्सोव्याचा धंदा चालतो रोजावर, ओळखीवर, एका फोनवर. तिथे नेमणूकपत्रच नसतं, मग नाकारल्याचा कागद कुठून मिळणार?

कोणी म्हणेल, कलेत दयामाया नसते, जमत असेल तर करा. कबूल. पण जमतं की नाही हे ठरवणार कोण? पुण्याच्या एफटीआयआयने रंगांधळेपणामुळे आशुतोष कुमार यांना संकलनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाकारला. मुंबई उच्च न्यायालयातही ते हरले. शेवटी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रंगांधळ्या विद्यार्थ्यांना कुठल्याही अभ्यासक्रमाचं दार बंद करू नका. सिनेमा अनेकांच्या हातांनी बनतो, एकाला जे दिसत नाही ते शेजारचा सांगू शकतो.

हीच गोष्ट आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वी शिकवली गेली आहे. हजरत इब्ने उम्मे मकतूम अंध होते. रसूलुल्लाहांनी (स.) त्यांना मुअज्जिन नेमलं. आंधळ्या माणसाला पहाट झाल्याचं कसं कळणार, असा प्रश्न कुणी काढून त्यांना घरी बसवलं नाही. लोक त्यांना उजाडल्याचं सांगत, मग ते फजरची अजान देत. अजानला लागतो आवाज. उरलेली सोय जमातीने करायची. कायदा आज ज्याला 'वाजवी सोय' म्हणतो, ती याहून वेगळी काय आहे? हा किस्सा आपण जुम्याच्या बयानात डोळे पुसत ऐकतो. आणि मशिदीच्या पायऱ्यांशी व्हीलचेअर अडली की चौघे जण ती उचलून सवाब कमावतात. उतार बांधायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही.

"छोटा स्टुडिओ, लिफ्टचा खर्च कुठून करणार?" हा प्रश्न खोटा नाही. पण लिफ्ट हा एकच इलाज नाही. तळमजल्यावर माईक लावता येतो. संहिता आधी पाठवता येते. घरून रेकॉर्डिंग घेता येतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये धंदा अडला, तेव्हा कलाकारांनी कपाटात रजया लावून रेकॉर्डिंग केलंच. तेव्हा सगळ्यांची अडचण होती म्हणून मार्ग निघाला. आज एकाची आहे म्हणून ती त्याचं नशीब!

बिरादरीतले पुष्कळ लोक या धंद्यात आहेत: लाईटवाले, साऊंडवाले, मेकअपवाले, निर्मातेही. त्यांना माझं सांगणं इतकंच. रमजानमध्ये अपंगांच्या नावाने जकात काढता, जरूर काढा. पण पुढच्या ऑडिशनच्या मेसेजमध्ये एक ओळ वाढवा: 'येण्यासाठी काही सोय हवी असल्यास कळवा.' त्याला पैसा लागत नाही.

भाचा अजूनही रोज सराव करतो. खोली तळमजल्यावर आहे, खिडकी रस्त्याकडे. येणारेजाणारे थबकून ऐकतात. त्याचा आवाज जिना न चढताच रस्त्यापर्यंत पोचतो.