शरद सरताना : पाच औषधे आणि तीन चीवरे

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, कठीण चीवरदानाचे कार्यक्रम सुरू होतात आणि त्याच सुमारास आपल्या मराठवाड्याच्या पठारावर रात्री गार होऊ लागतात. दुपारी ऊन चटकते, पहाटे मात्र अंग काकडते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असल्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. सर्दी, खोकला, दम्याची उबळ, फुटलेले ओठ आणि भेगाळलेल्या टाचा हे सारे या ऋतुपालटाबरोबर येते. निवासी शाळेत तर एका मुलाचा खोकला चार दिवसांत अख्ख्या खोलीचा होतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हिवाळ्यातील आरोग्याच्या साध्या, नैसर्गिक उपायांविषयी आमचे मत माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे ठेवत आहोत.

हा विषय धम्माच्या इतिहासाला नवा नाही. विनयपिटकातील महावग्गात शारदीय आजाराची हकीकत आली आहे. श्रावस्ती येथे ऋतू पालटताना भिक्खू आजारी पडले. खाल्लेले पोटात टिकेना, ते कृश व निस्तेज झाले, अंगावरच्या शिरा दिसू लागल्या. तेव्हा तथागतांनी पाच औषधांना अनुमती दिली : तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित, म्हणजे काकवी-गुळासारखा उसाचा पदार्थ. आरंभी ही औषधे मध्यान्हापूर्वीच घ्यायची होती. तेवढ्याने भागत नाही असे दिसताच वेळेचे बंधनही सैल केले गेले. मध्यान्हानंतर आहार न घेण्याचा दंडक संघात महत्त्वाचा होता. तरीही रोग्याच्या शरीरासाठी त्यातून वाट काढण्यात आली.

त्याच ग्रंथात चीवरांची कथा आहे. भिक्खूंना किती वस्त्रे पुरतील, हे ठरविण्यासाठी तथागत वैशाली येथे कडाक्याच्या थंडीत रात्री उघड्यावर बसले. आरंभी एक वस्त्र पुरले. पहिला प्रहर सरताना थंडी वाजली, तेव्हा दुसरे पांघरले. मधला प्रहर सरताना तिसरे आणि पहाटे चौथे. या अनुभवावरून दुहेरी संघाटी, उत्तरासंग आणि अंतरवासक अशी तीन चीवरे ठरली. दुहेरी संघाटीमुळे वस्त्राचे थर चारच होतात. एका जाड वस्त्रापेक्षा अनेक थर अधिक ऊब देतात, कारण थरांमध्ये कोंडलेली हवा अंगातील उष्णता बाहेर जाऊ देत नाही, असे आज विज्ञान सांगते.

या दोन्ही प्रसंगांत आम्हांला एक गोष्ट विशेष वाटते. गरज आधी अनुभवाने तपासली गेली आणि मग सर्वांसाठी एकच नियम झाला. भिक्खू कोणत्या कुळातून आला, हे कोणी विचारले नाही. आजाऱ्याला तूप मिळावे आणि थंडीत प्रत्येकाला पुरेसे वस्त्र असावे, ही बाब कोणाच्या मर्जीवर सोडलेली नव्हती.

याच्या अगदी उलट चित्र बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवून ठेवले आहे. जयपूर संस्थानातील चकवारा गावी तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य गृहस्थाने आपल्या बांधवांना जेवण दिले आणि त्यात तुपाचे पदार्थ केले. एवढ्यावरून शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना मारहाण केली. 'हिवाळ्यात तूप खावे, गूळ खावा' हा सल्ला आपण सहज देतो. परंतु कित्येक पिढ्यांना तो सल्ला पाळण्याची मुभाच नव्हती, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये. आरोग्याच्या उपायांचा विचार करताना ते कोणापर्यंत पोहोचतात, हेही पाहिले पाहिजे.

सुदैवाने आपल्या भूमीत हिवाळ्याचे पोषण महाग नाही. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, जवसाची किंवा कारळ्याची चटणी, करडईचे तेल, शेंगदाणे व गूळ यांतून ऊर्जा आणि स्निग्धता मिळते. मेथी, चाकवत, हरभऱ्याची कोवळी भाजी याच दिवसांत बाजारात येते. आवळा व पेरू यांत 'क' जीवनसत्त्व विपुल असते. पेरूत तर ते संत्र्याहूनही अधिक. जाहिरातीतील महागड्या डब्यांवर खर्च करण्यापूर्वी पालकांनी शेताच्या बांधाकडे आणि आठवडी बाजाराकडे पाहावे.

इतर पथ्येही साधीच आहेत. तहान लागत नाही म्हणून पाणी कमी पिऊ नये. कोमट पाणी प्यावे. आंघोळीनंतर हातापायांना तेल लावावे. काही वेळ उन्हात खेळावे व चालावे. विनयातही निरोगी राहण्यासाठी चंक्रमणाला, म्हणजे नेमाने चालण्याला, आणि गरम स्नानगृहाला जीवक वैद्याच्या विनंतीवरून अनुमती मिळाली होती. थंडी वाजते म्हणून झोपण्याच्या खोलीच्या सर्व खिडक्या बंद करू नयेत. कोंदट हवेत रोग लवकर पसरतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर कधीच ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच जीव घेतो.

मात्र नैसर्गिक उपाय म्हणजे डॉक्टरला पर्याय, असा समज घातक आहे. ताप उतरत नसेल, श्वास जोरात चालत असेल, तर काढ्यावर विसंबू नये. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यासाठी सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी करून घ्यावी. ती तेथे विनामूल्य होते. गंडेदोरे आणि उतारे यांना तर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात स्थानच नाही.

आता आमचा मुख्य मुद्दा. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि साखर कारखान्यांच्या परिसरात पाचटाच्या कोपीत हिवाळा काढतात. त्यांची मुले मागे वसतिगृहात राहतात. या मुलांच्या उशाशी पांघरूण सारखे करायला आई नसते. तिची जागा संस्थेच्या नियमाने घेतली पाहिजे. प्रत्येक मुलाला दोन पांघरुणे, आंघोळीला गरम पाणी, रोजच्या ताटात तेल-गूळ-तीळ आणि आजाऱ्यासाठी वेगळी हवेशीर खोली, एवढ्या गोष्टी प्रत्येक निवासी शाळेच्या अंदाजपत्रकात लिहिलेल्या असाव्यात. कोणी दाता भेटला तर घोंगडी, नाही तर थंडी, असे होता कामा नये.

बाबासाहेबांनी १९५० साली याच शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले, ते खेड्यापाड्यांतील मुलांना शिकता यावे म्हणून. थंडीने कुडकुडणारे मूल शिकू शकत नाही. कठीण चीवरदानाच्या काळात उपासक भिक्खुसंघाला वस्त्र देतात. त्याच महिन्यात माजी विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन वसतिगृहातील पांघरुणे मोजावीत, फाटलेली बदलावीत आणि कमी पडतील तेवढी भरून द्यावीत. पालकांनीही वर्षातून एकदा ताट आणि अंथरूण स्वतः पाहून जावे. ही मोजणी दरवर्षी कार्तिक पौर्णिमेच्या आत पूर्ण व्हावी, असे आम्ही सर्वांना विनंतीपूर्वक सुचवितो.