विश्लेषण : नाशिकमधून वाढवण बंदराकडे महामार्ग निघाला, पण तिथल्या खडकांवर पायी मासेमारी करणाऱ्यांचे काय?

नाशिक जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, पण येत्या काही वर्षांत समुद्र नाशिकच्या बराच जवळ येणार आहे. इगतपुरी तालुक्यातल्या भरवीरपासून पालघर जिल्ह्यातल्या तवापर्यंत सुमारे १०५ किलोमीटरच्या द्रुतगती महामार्गाला राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजुरी दिली. भरवीर समृद्धी महामार्गावर आहे आणि तव्याहून पुढे वाढवण बंदराला जोडणारा रस्ता होणार आहे. आज या प्रवासाला चार-पाच तास लागतात, ते तास-दीड तासावर येतील, असे सरकार सांगते.

द्राक्षे आणि कांदा परदेशी पाठवणाऱ्या नाशिककरांसाठी ही मोठी बातमी आहे. त्यांचा बराचसा माल आज न्हावा-शेवा बंदरातून जातो आणि मुंबईच्या वेशीवरची कोंडी सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण हा रस्ता ज्या किनाऱ्यावर पोहोचणार आहे, तिथे ओहोटीला पाणी मागे सरले की काळा खडक उघडा पडतो आणि त्यावर माणसे उतरतात. कुणाच्या हातात गळ असतो, कुणाच्या हातात जाळे, तर कुणाकडे कालवं काढायचे लोखंडी हत्यार आणि टोपली. बंदराच्या वादात होड्यांची चर्चा पुष्कळ झाली. या पायी मासेमारीची फारशी झाली नाही.

वाढवण बंदर काय आहे?

डहाणू तालुक्यातल्या वाढवण इथे ७६,२२० कोटी रुपयांचे बंदर उभे राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये त्याला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा त्यात ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के वाटा आहे. समुद्रात १,४४८ हेक्टरवर भराव घातला जाईल. दहा किलोमीटरहून थोडी अधिक लांबीची लाटरोधक भिंत आणि नऊ कंटेनर टर्मिनल बांधली जातील.

ही कल्पना जुनी आहे. १९९० च्या दशकातही ती पुढे आली होती. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक घोषित झाला होता आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असताना या प्राधिकरणाने १९९८ मध्ये बंदराला नकार दिला. त्याच प्राधिकरणाने, अर्थात नव्या सदस्यांसह, जुलै २०२३ मध्ये अटींवर होकार दिला. त्याविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळल्या आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

खडकांवरची मासेमारी कशी चालते?

ही सगळी मासेमारी तिथीवर चालते. कोकणात एक जुना हिशेब आहे : तिथीला पाऊणपट केले की भरतीची वेळ कळते. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी. तिची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती सव्वाअकराच्या सुमारास. त्याच्या सहा तास मागे-पुढे ओहोटी, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी. घड्याळाइतका काटेकोर नसला, तरी या हिशेबावर पिढ्यांनी पोट भरले आहे.

पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाणी खूप वर चढते आणि तितकेच मागेही सरते. एरवी पाण्याखाली राहणारा खडक तेव्हा उघडा पडतो. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, तेव्हा पाणी फारसे हलत नाही आणि खडकावर फारसे काही हाती लागत नाही. उत्तर कोकणात भरती-ओहोटीतला फरक मुंबईपेक्षाही मोठा आहे. त्यामुळे उधाणाच्या दिवसांत इथला खडक दूरवर मोकळा होतो आणि काही तासांत पुन्हा बुडतो. वेळ चुकली तर पाणी पाठीमागून भरते. खडकावर उतरणाऱ्याला माशाआधी हे कळावे लागते.

खडक इतका समृद्ध का, याचे उत्तर सोपे आहे. वाळू सतत हलते, खडक जागचा हलत नाही. कालवांची पिल्ले सुरुवातीला पाण्यात तरंगत असतात आणि चिकटायला टणक, स्वच्छ जागा शोधतात. ती इथे मिळते. शेवाळ धरते, शेवाळावर बारीक जीव वाढतात, कपारीत खेकडे आणि शेवंडी लपतात, मागे राहिलेल्या पाण्याच्या डबक्यांत माशांची पिल्ले मोठ्या माशांपासून सुरक्षित राहतात. भरती चढू लागली की या खाद्यासाठी मोठे मासे खडकाच्या कडेला येतात. गळ टाकणारा तीच वेळ साधतो. पाणी फेसाळत असते, मासा त्या फेसात खाद्य शोधत असतो आणि गळाची दोरी खडकात अडकू न देता तिथे पोहोचवणे हे कसब असते.

गळ आणि पाग बहुतेक पुरुषांच्या हाती दिसतात, कालवं काढायला बायका जातात. यातले थोडे बाजारात जाते, बरेचसे घरच्या कालवणात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. ती बिगरयांत्रिक पारंपरिक मासेमारीला लागू नाही. म्हणजे होड्या किनाऱ्याला शाकारून ठेवलेल्या असतात तेव्हा खडकावरचा चार जणांपुरता मासा जास्त मोलाचा ठरतो. अर्थात, पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रापुढे खडकावर उभे राहणे हा जिवाशी खेळही असतो.

बंदर तर आत समुद्रात आहे, मग खडकांना धोका कसला?

प्रकल्पाच्या बाजूने हाच मुद्दा मांडला जातो. बंदर किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत, भरावावर होणार आहे. त्यासाठी गावातली जमीन घ्यावी लागत नाही आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्याला शक्य तितका हात लागणार नाही, असे सांगितले जाते. हा मुद्दा बिनबुडाचा नाही. खडक फोडून धक्का बांधण्यापेक्षा हा आराखडा नक्कीच बरा.

पण खडक जिवंत राहतो तो पाण्याच्या हालचालीमुळे. दहा किलोमीटरची भिंत लाटा अडवण्यासाठीच बांधली जाते. तिच्या आडोशाला पाणी शांत होते आणि पाणी शांत झाले की त्यातला गाळ खाली बसतो. खंबातच्या आखाताकडून येणाऱ्या या पाण्यात गाळ मुळातच भरपूर आहे. कालवांवर गाळाचा थर बसला की ती गुदमरतात, नव्या पिल्लांना चिकटायला जागा उरत नाही. शिवाय भरावासाठी दमणजवळच्या समुद्रातून सुमारे २० कोटी घनमीटर वाळू उपसून आणण्याची योजना आहे. गाळ नेमका कुठे आणि किती बसेल, यावर तज्ज्ञांच्या संगणकीय अंदाजांत आणि मच्छीमारांच्या अनुभवात अंतर आहे. वाढवणचे लोक या पट्ट्याला माशांच्या पैदाशीची जागा मानतात, ते याच अनुभवातून.

दुसरी बाजूही सांगायला हवी. बंदराची भिंत म्हणजे नवा खडकच. तिच्या दगडांवर कालवं धरतील, मासेही येतील. मुंबईत मरिन ड्राइव्हच्या काँक्रीटच्या चौपायांवर गळ टाकून बसलेली माणसे कुणीही पाहिली असतील. फरक इतकाच की, आंतरराष्ट्रीय बंदराच्या सुरक्षा हद्दीत गळ घेऊन कुणाला बसू देत नाहीत. तिथे मासा पोहोचेल, गावातली बाई पोहोचणार नाही.

खडकाला सातबारा नसतो

एकाच प्रकल्पाची दोन टोके पाहिली की खरी अडचण दिसते. महामार्ग त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी तालुक्यांतून जाईल, तिथे ज्याची जमीन जाईल त्याच्याकडे सातबारा आहे. मोजणी होईल, झाडे आणि विहीर धरून मूल्यांकन होईल. दर कमी वाटला तर भांडता येईल. समृद्धीच्या वेळी नाशिक जिल्ह्याने हे सगळे पाहिले आहे, त्यातले तंटेही पाहिले आहेत. जव्हार-मोखाड्याकडच्या आदिवासींची वनजमीन गेली तर २००६ च्या वनहक्क कायद्याचा आधार आहे. त्या कायद्यात जंगलातल्या पाणवठ्यांमधल्या माशांवरचा सामूहिक हक्कही मान्य केला आहे.

दुसऱ्या टोकाला, भरती आणि ओहोटीच्या रेषांमधला खडक कुणाच्याच नावावर नाही. होडीवाल्याकडे नौकेची नोंदणी असते, परवाना असतो, सोसायटीचे सभासदत्व असते, डिझेल परताव्याची कागदपत्रे असतात. पन्नास वर्षे कालवं काढणाऱ्या बाईकडे यातले काय आहे? माशांच्या उत्पादनाचे आकडे मासळी उतरवण्याच्या केंद्रांवर नमुने घेऊन काढले जातात. टोपलीतून थेट चुलीवर जाणारी मासळी त्या केंद्रावर कधी येतच नाही. त्यामुळे ‘खडकांवर असे किती उत्पन्न होते?’ या प्रश्नाला सरकारी उत्तर सापडणे कठीण, आणि ज्याचा आकडा नाही त्याची भरपाई मागणे त्याहून कठीण.

राज्याने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. निर्णय चांगला आहे, पण शेतकऱ्यासारख्या सवलती मिळवायच्या तर आधी कागदावर मच्छीमार असावे लागते.

मुंबईत काय झाले?

मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचे उदाहरण जवळचे आहे. वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांनी पुलाच्या दोन खांबांमधले अंतर वाढवून मागितले, कारण ६० मीटरमधून होड्या नेणे धोक्याचे होते. मोठ्या संघर्षानंतर ते १२० मीटर करायचे मान्य झाले. त्याच प्रकल्पात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० मध्ये उचलून दुसरीकडे नेण्यात आल्या, कारण वन्यजीव कायद्याने प्रवाळांना संरक्षण आहे. प्रवाळ एकेक करून मोजले गेले, होड्यांसाठी खांब सरकले. खडकावर पायी जाणाऱ्यांचा प्रश्न मात्र होड्यांच्या प्रश्नामागे झाकला गेला. आपली बाजू मांडायला त्यांच्याकडे ना होडी होती, ना कायद्याचे परिशिष्ट.

इतर देशांत काय करतात?

चिलीच्या मत्स्य कायद्यात किनाऱ्यावरून वेचणारे हा मच्छीमारांचा स्वतंत्र वर्ग आहे आणि त्यांची नोंदणी होते. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात पायी शिंपले वेचणाऱ्यांना, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, सरकारी परवाना मिळतो. नोव्हेंबर २००२ मध्ये ‘प्रेस्टीज’ हे तेलवाहू जहाज बुडून तिथला किनारा तेलाने माखला आणि वेचणी बंद करावी लागली, तेव्हा होडीवाल्यांबरोबर या बायकांनाही भत्ता मिळाला, कारण त्यांची नावे आधीच यादीत होती. नोंदणीचा त्रासही आहे : परवाना आला की दिवस, वजन आणि आकाराची बंधने येतात. डहाणूच्या किनाऱ्यावर ती सगळ्यांना आवडतील असे नाही.

नाशिकचा संबंध रस्त्यापुरताच आहे का?

नाही, त्याआधी नदीचा आहे. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांतून गोदावरी पूर्वेला जाते आणि वैतरणा पश्चिमेला. वैतरणा पालघर जिल्ह्यातच समुद्राला मिळते. दमणगंगाही दिंडोरी तालुक्यातल्या डोंगरात उगम पावून दमणला समुद्रात जाते. वाढवणचा किनारा या दोन मुखांच्या मध्ये येतो. नद्यांचे गोडे पाणी आणि त्यासोबतची पोषकद्रव्ये किनाऱ्यावरच्या माशांच्या पिल्लांना लागतात. वैतरणेवर मुंबईसाठी एकामागून एक धरणे झाली आहेत आणि आता दमणगंगा-वैतरणेचे पाणी गोदावरी खोऱ्यात वळवण्याचे प्रकल्प पुढे सरकत आहेत. नाशिक-मराठवाड्याची तहान खरी आहे. मात्र समुद्रात ‘वाया’ जाणारे पाणी असे जे म्हटले जाते, त्यातले काही या खडकांवर कामी येत असते.

आता पुढे काय?

बंदराचा पहिला टप्पा २०२९ पर्यंत सुरू करण्याचे लक्ष्य आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेमार्फत २०२५ च्या अखेरीस देशभरातल्या मच्छीमार कुटुंबांची पाचवी गणना हाती घेण्यात आली. त्यात कुटुंब, व्यवसाय, नौका, जाळी यांची नोंद होते. पायी मासेमारीसाठी वाढवण आणि शेजारच्या गावांत वेगळी नोंद करायची झाली, तर ती काही फार खर्चिक गोष्ट नाही. वर्षभरातली उधाणे धरून खडकावर किती जण उतरतात, काय आणि किती घेऊन परततात, एवढे लिहून ठेवायचे. दर महिन्याला पौर्णिमा आणि अमावास्या येतात, म्हणजे वर्षाला साधारण २४ संधी. भराव पूर्ण झाल्यावर केलेल्या मोजणीतून आधी तिथे काय होते हे कळणार नाही. भरपाईचा वाद उद्या न्यायालयात गेला, तर पहिला प्रश्न तोच विचारला जाईल.