काढून टाकलेली झडप

यंत्राला आवर घालणारा भाग अडचणीचा वाटू लागला की तो दुरुस्त करण्याऐवजी काढूनच टाकायचा, ही प्रवृत्ती मोटारीहून कितीतरी जुनी आहे. 17व्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने भट्टीची आच आपोआप कमीजास्त करणारी रचना केली, त्याच शतकाच्या उत्तरार्धात डेनी पापँने वाफेच्या भांड्याला सुरक्षा-झडप बसवली आणि 1788 मध्ये जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनाला वेगनियंत्रक जोडला. पण 1831 मध्ये अमेरिकेतील ‘बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन’ या रेल्वे-इंजिनावर सुटत्या वाफेचा आवाज नकोसा होऊन एका कामगाराने तीच झडप दाबून धरली, असे सांगितले जाते. बॉयलर फुटला आणि तो कामगार प्राणास मुकला.

मोटारीच्या बाबतीत हा मोह अधिक फसवा ठरला, कारण तिथे नुकसान स्फोटासारखे दिसत नाही. ते वर्षानुवर्षे झिरपत राहते. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत गरम पाणी वर चढते आणि थंड खाली उतरते एवढ्याच नियमावर इंजिन थंड राखले जाई. पुढे पाण्याचे पंप आले, इंजिने बलवान झाली, आणि नवाच प्रश्न उभा राहिला: सुरू होताक्षणी पाणी रेडिएटरमधून वेगाने फिरू लागल्याने इंजिन हवे तितके तापेचना. 1930 च्या दशकात सर्जियस व्हर्ने यांनी मेणाचा थर्मोस्टॅट सिद्ध केला. धातूच्या लहान कुपीतले मेण ठरावीक तापमानाला वितळून फुगते, दांडी ढकलते आणि तोवर बंद असलेली रेडिएटरची वाट उघडते. त्याच दशकात ब्रिटनमधील संशोधनाने दाखवून दिले की सिलिंडरची मोठी झीज थंड इंजिनात ज्वलनाचे आम्लयुक्त अवशेष भिंतींवर साचल्याने होते. थर्मोस्टॅटचे मुख्य काम इंजिन थंड करणे नसून त्याला लवकर ऊब देणे आणि ती टिकवणे हे आहे, ही गोष्ट तेव्हाच स्पष्ट झाली होती.

आपल्याकडे ॲम्बेसेडर आणि कुर्ल्यात बनणाऱ्या फियाटच्या, म्हणजे नंतरच्या प्रीमियर पद्मिनीच्या काळात हा धडा गॅरेजांपर्यंत पोचला नाही, किंवा पोचूनही टिकला नाही. नळाच्या वा विहिरीच्या पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार साचत, बोरघाटाच्या चढावर गाडी वाफ सोडी, आणि ‘आपल्या उष्ण हवेत हा वॉल्व्ह लागतच नाही’ असे सांगून मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून ठेवी. त्या मेकॅनिकला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. सुटा भाग वेळेवर मिळत नसे आणि तापमानाचा काटा तात्पुरता खाली येई. मात्र इंजिन तेल काळवंडे, पेट्रोल जास्त लागे, आणि काही वर्षांनी सिलिंडर बोअर करण्याची वेळ आली की तिचा संबंध त्या काढलेल्या झडपेशी कुणी जोडत नसे. काही इंजिनांत तर हीच झडप उघडताना बायपासची वाट बंद करते. ती नसली की गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरमध्ये न जाताच परत फिरतो आणि गाडी चढावर उलट अधिक तापते.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी हद्दपार झाली, पण थर्मोस्टॅट काढण्याचा तो सल्ला गेलेला नाही. आज वीस-पंचवीस वर्षांच्या इंजेक्शन गाड्यांनाही तो दिला जातो. थर्मोस्टॅट नसला की त्यांतला संगणक इंजिन थंडच आहे असे धरून जादा पेट्रोल पाठवत राहतो.

थर्मोस्टॅट बिघडला आहे का, याची परीक्षा सोपी आहे. इंजिन पूर्ण निवल्यावर काढलेला थर्मोस्टॅट पाण्याच्या पातेल्यात टांगावा, थर्मामीटर ठेवून पाणी तापवावे, आणि त्यावर कोरलेल्या अंकाच्या, बहुधा 82 किंवा 88 अंशांच्या, आसपास तो उघडू लागतो का ते पाहावे. उघडला नाही, किंवा थंडपणीच उघडा असला, तर तो दुरुस्त होत नाही. त्याच अंकाचा नवा, नव्या गॅस्केटसह, स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला ठेवून बसवावा आणि कूलंट भरताना आतली हवा पूर्ण काढावी. गाडी गॅरेजमधून परत घेताना जुना थर्मोस्टॅट हातात मागून घ्या, आणि त्याच्या जागी नवा बसवल्याची नोंद बिलात आहे की नाही हे तिथेच तपासा.