किल्ला कोणता आणि विमान कोणते?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतली मुले जिन्यापाशी किल्ला करतात. येणारा-जाणारा मोठा माणूस थांबतो आणि हटकून विचारतो, "कोणता रे किल्ला?" पोरांनी "राजगड" म्हटले की सरबत्ती सुरू होते : मग बालेकिल्ला कुठाय? सुवेळा माची अशी उलटी कशी? पोरे खजील होतात आणि माची हलवतात. खेळच तो, पण त्या खेळातही आपण वाटेल ते चालू देत नाही.

हीच पोरे हातपाय धुऊन संगणकापुढे बसतात आणि दुसऱ्या महायुद्धातली विमाने उडवतात. तिथे मात्र कुणी काही विचारीत नाही. माझी तक्रार आहे ती एवढीच.

माझा भाचा सोळा वर्षांचा आहे. परवा त्याच्या शेजारी बसलो. विमानांची भलीमोठी यादी उघडून तो म्हणाला, "मामा, साधी विमानं सगळेच घेतात. मी प्रयोगाचीच घेतो." आणि त्याने घेतले हेंकेल १६२. पाठीवर जेट इंजिन बांधलेले, पंख लाकडाचे, दिसायला ऐटबाज.

मी मॅट्रिक झालेला मास्तर; विमानविद्येत मला गती नाही. पण वाचायची खोड आहे. हे विमान हरत चाललेल्या जर्मनीने तीन महिन्यांच्या आत आखून ६ डिसेंबर १९४४ रोजी उडवले. चारच दिवसांनी लाकडाचा सांधा डिंकाने दगा दिल्यामुळे सुटला आणि चाचणी घेणारा वैमानिक मेला. व्हिएन्नाजवळच्या हिंटरब्र्यूल येथे जमिनीखालच्या खाणीत छळछावणीतल्या कैद्यांना राबवून ते जोडले जात होते. आणि ते उडवायचे कुणी? ग्लायडरवर जुजबी धडे दिलेल्या, हिटलरच्या युवक संघटनेतल्या पोरांनी, अशी योजना होती. म्हणजे माझ्या भाच्याच्याच वयाच्या मुलांनी! हे त्याला सांगितले तेव्हा त्याचा हात कळफलकावर थांबला. "खेळात डिंक सुटत नाही, मामा," एवढेच तो म्हणाला.

नेमके तेच मला खुपते. ही 'नक्कल' मुळात जीव वाचवायला निघाली होती. अमेरिकेतल्या एडविन लिंकने १९२९ च्या सुमारास जमिनीवरच हलणारे खोटे विमान बनवले आणि पुढे महायुद्धात हजारो वैमानिक त्यात बसून अंधारात, ढगांत काट्यांकडे बघून उडायला शिकले. चुका जमिनीवर व्हाव्यात, आकाशात होऊ नयेत, हा त्याचा हेतू. आता ज्या विमानाने जन्मभरात तीन लहान उड्डाणे केली, जसे मागे पंखा असलेले जपानचे शिंदेन, ऑगस्ट १९४५ चे, त्याची नक्कल करायची कशावरून? उरलेले सारे खेळ रचणाऱ्याच्या मनचे. आणि मनचे विमान कधी बिघडत नाही.

कुणी म्हणेल, "मास्तर, तुम्ही कादंबऱ्या लिहिता, कल्पनेचे तुम्हालाच वावडे?" नाही हो! माझा धंदाच खोटे रचण्याचा आहे. पण कादंबरीतल्या खोट्या माणसालाही तहान लागते आणि तो मरतो. तहान-मरण वगळून जे उरते तिला कल्पना म्हणत नाहीत, ती जाहिरात. दुसरे कुणी म्हणतील, "मग बंद करा हे खेळ!" तेही मला मान्य नाही. विलक्षण विमान निवडण्याची हौस चांगलीच आहे. माझा आग्रह इतकाच, की विलक्षण म्हणजे काय ते परक्यांच्या यादीवरून ठरवू नका.

आपल्याकडे काय कमी आहे? फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रह्मदेशात 'जंबो' मजुमदारांच्या १ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे लायसँडर विमाने होती. फौजेला टेहळणीत मदत करण्यासाठी बनवलेली, मंद, चाके सदा बाहेर लोंबणारी. आपल्या लोकांनी त्यांनाच बाँब लटकावले आणि जपान्यांच्या तळांवर चाल केली. व्हल्टी व्हेंजन्सचे पंख अशा बेताने बसवलेले, की ते उभ्या रेषेत खाली झेपावे. म्हणून सरळ उडताना मात्र नाक वर करून चाले आणि वैमानिकाला समोरचे धड दिसत नसे. आपल्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रननी हे तऱ्हेवाईक यंत्र आराकान आणि इंफाळच्या आघाड्यांवर लढवले. ब्रह्मदेशच्या त्या मोहिमेत उडालेले हृषीकेश मुळगावकर पुढे १९७६ ते १९७८ हवाई दलाचे प्रमुख होते. भाच्याला यांतले एकही नाव ठाऊक नव्हते. दोष त्याचा नाही. आम्हीच कधी विचारले नाही.

आणि विमान म्हटले की धावपट्टी आली. ती तर आमच्या उंबऱ्याशी आहे! कल्याणहून मलंगगडाच्या वाटेला नेवाळी लागते. त्याच महायुद्धात इंग्रज सरकारने तिथल्या गावांची शेते घेऊन लढाऊ विमानांसाठी पट्टी बांधली. युद्ध संपले, विमाने गेली, लोक पुन्हा जमीन कसू लागले. पण कागदावर ती संरक्षण खात्याची राहिली. जून २०१७ मध्ये नौदलाच्या कुंपणभिंतीवरून तिथे आंदोलन पेटले. गाड्या जळल्या, गावकरी आणि पोलीस दोघेही जखमी झाले. ज्या युद्धाला आमची पोरे खेळ समजतात, त्याचे देणे नेवाळीच्या शेतकऱ्याच्या मते पाऊणशे वर्षांनीही फिटले नव्हते.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन मी नेवाळीला जाणार आहे. तोवर घरोघरच्या वडीलधाऱ्यांना एक विनंती : जिन्यापाशी किल्ला पाहून झाला, की जरा आतल्या खोलीतही डोकवा. पोराच्या पाठीमागे उभे राहा आणि तितक्याच अगत्याने विचारा, "कोणते रे विमान? कुणी बांधले? त्यात कोण बसले होते?"