दगा देणारी गाडी : ठेवावी की बदलावी?

छोट्या व्यापाऱ्याच्या आणि कारागिराच्या दारात उभी असलेली जुनी गाडी ही शोभेची वस्तू नसते. तिच्यावर माल येतो, माल जातो आणि घर चालते. म्हणूनच ती वरचेवर बंद पडू लागली की माणूस पेचात सापडतो. विकावी तर नवी परवडत नाही, ठेवावी तर मिस्त्रीचे बिल संपत नाही.

माझा शिलाईचा कारखाना आहे. जुनी घेतलेली व्हॅन मी चार वर्षे वापरली. एका जूनमध्ये शाळेच्या गणवेशाचे गठ्ठे घेऊन नाशिकहून कल्याणला निघालो आणि भर पावसात कसारा घाटात गाडी तापून बंद पडली. दुरुस्तीला साडेचार हजार रुपये लागले. त्या साडेचार हजारांचे दुःख नाही. शाळा उघडली त्या दिवशी मुलांच्या अंगावर गणवेश नव्हते आणि पुढच्या वर्षीचे काम दुसऱ्याकडे गेले. मिस्त्रीच्या बिलात हे नुकसान लिहिलेले नसते.

आपली पहिली चूक येथेच होते. आपण फक्त दुरुस्तीचे पैसे मोजतो. दुसरी चूक म्हणजे, “आताच इंजिनावर तीस हजार घातले, आता कशी विकू?” हा विचार. घातलेले पैसे गेले. गाडी ठेवली तरी ते परत येत नाहीत आणि विकली तरी येत नाहीत. प्रश्न फक्त येत्या वर्षाचा आहे.

वही घेऊन मागच्या बारा महिन्यांचा हिशेब मांडावा. समजा, दुरुस्तीला ३८,००० रुपये गेले. नऊ दिवस भाड्याचा टेम्पो करावा लागला, दिवसाला १,८०० प्रमाणे १६,२०० रुपये. हातचे गेलेले काम १२,००० चे. गाडीची किंमत वर्षात आणखी १५,००० ने उतरणार. एकूण ८१,२०० रुपये. हा झाला जुनी ठेवण्याचा खर्च.

आता बदलण्याचा हिशेब. जुनीचे ७०,००० आले आणि ३,२०,००० ची बऱ्या स्थितीतील दुसरी गाडी घेतली. वरून २,५०,००० घालावे लागले. पहिल्या वर्षी तिची किंमत ४०,००० ने उतरेल, दुरुस्ती १५,०००, वाढीव विमा ५,००० आणि कागदपत्रे ५,०००. एकूण ६५,००० रुपये. म्हणजे बदलणे १६,२०० रुपयांनी स्वस्त पडले.

पण हेच अडीच लाख १४ टक्के व्याजाने तीन वर्षांच्या हप्त्यांवर घेतले, तर पहिल्या वर्षाचे व्याजच सुमारे ३०,५०० रुपये होते. खर्च ९५,५०० वर जातो आणि जुनी गाडी ठेवणेच स्वस्त ठरते. शोरूमवाला महिन्याचा हप्ता सांगतो, हा हिशेब सांगत नाही. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्या आपल्या बांधवांना तर हा मार्ग मुळातच नको असतो. त्यांनी घाई न करता आणखी वर्षभर जुनी सांभाळावी आणि रोजच्या गल्ल्यातून गाडीसाठी वेगळी रक्कम काढावी. विश्वासातल्या माणसांची, बोली न लावता चालणारी भिशी यासाठी उपयोगी पडते.

मात्र कोणती गाडी सांभाळावी, हेही पाहिले पाहिजे. रोग माहीत असलेली गाडी ठेवता येते. क्लच प्लेट, बॅटरी, स्टार्टर, रेडिएटरची नळी ही झिजणारी कामे आहेत. एकदा नीट केली की काही काळ चालतात. पण इंजिन ऑइल दुधाळ दिसू लागले तर त्यात पाणी मिसळत आहे. निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळत आहे. चेसिसचा पत्रा सडला असेल किंवा तीन मिस्त्री तीन वेगवेगळी कारणे सांगत असतील, तर ती गाडी धंद्याच्या कामाची राहिली नाही. निर्णय घेण्यापूर्वी ज्याला दुरुस्तीचे काम मिळणार नाही अशा जाणकाराकडून ती एकदा तपासून घ्यावी. त्याला चार-पाचशे रुपये द्यावे लागले तरी ते वाया जात नाहीत.

वयही पाहावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले. चौदाव्या वर्षी मोठे काम काढण्यापूर्वी हा खर्च धरावा.

बदल्यात देताना दोन भाव वेगवेगळे विचारावेत : आपल्या जुनीचा भाव आणि नवीचा रोख भाव. दोन्ही एकत्र केले की जुनीला जास्त दिल्याचे दाखवून नवीत वसूल करता येते. आणि गाडी दिली म्हणजे सुटलो, असे समजू नये. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलले गेले की नाही, ते पाहावे. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

शेवटची गोष्ट पैशाची नाही, पण व्यापाराचीच आहे. गाडीचा ऐब घेणाऱ्याला सांगून विकावी. माझी व्हॅन घाटात तापते, हे मी घेणाऱ्याला आधीच सांगितले. त्याने आठ हजार कमी दिले. त्याला गावातल्या गावात भाजी वाहायची होती, त्याचे काम भागले. लपवून विकली असती तर आठ हजार जास्त मिळाले असते, पण ती त्याच्या मुलाबाळांना घेऊन घाटात बंद पडली असती. ऐब लपवून आलेल्या पैशात बरकत नसते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बाजारात साख राखायची असेल तर गाडी विकतानाही ते विसरू नये.